रॉबेर्तो क्लेमेंटे: २१ नंबर सगळ्या टीमसाठी बंद व्हायला हवा का?

ओकलंडकर

अमेरिकन बेसबॉलमध्ये ४२ नंबरची जर्सी कुठल्याही टीममध्ये कोणालाही मिळत नाही. जॅकी रॉबिन्सनचा नंबर तो. गोऱ्यांच्या लीगचं दार काळ्यांसाठी १९४७ मध्ये त्याने उघडलं म्हणून १९९७ मध्ये सगळ्या लीगने मिळून तो कायमचा बंद केला. माझं स्पष्ट मत आहे की तोच मान २१ ला मिळाला पाहिजे, म्हणजे रॉबेर्तो क्लेमेंटेला. आत्ता क्लेमेंटेसाठी २१ फक्त त्याच्या टीममध्ये, पिट्सबर्ग पायरेट्समध्ये, बंद आहे, तोही १९७३ पासून.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८ ऑगस्ट १९३४, पोर्तो रिकोतलं कारोलिना गाव, सात भावंडांत शेंडेफळ, वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. १९५५ ते १९७२ अशी १८ वर्षं एकाच टीमकडून राईट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, खेळला. ३००० हिट्स, बरोब्बर ३०००, एक कमी नाही एक जास्त नाही. चार वेळा लीगमधला सर्वोत्तम बॅटिंग अ‍ॅव्हरेज, लागोपाठ १२ गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे फील्डिंगची बक्षिसं, आणि दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली अंतिम मालिका, जिंकलेल्या. आणि ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं त्यात गेला, वय ३८.

इथे पिट्सबर्गात राहून एक गोष्ट मला सारखी खटकते. कोणालाही विचारा, सगळ्यांना ही शेवटची गोष्ट माहीत असते आणि तेवढीच माहीत असते. चिडका होता, मानी होता, आपली किंमत ओळखून होता आणि ती दुसऱ्याने कमी केली तर तोंडावर सांगायचा, तो माणूस कुठे गायब झाला कळत नाही, त्याचा नुसता संत करून ठेवलाय. २१ बंद करायचा तर त्या १८ वर्षांसाठी करावा असं मला वाटतं. तुमचं काय मत?

गल्लीक्रिकेट

पहिला! 😀 बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तरी वाचलं. त्याचा अ‍ॅव्हरेज शोधला तर ०.३१७ दिसतोय. एवढ्यावर तर आमच्या सोसायटीच्या टीममध्ये बाराव्या खेळाडूचं पाणी न्यायलाही घेणार नाहीत हो.

जळगावची_पिचर

@गल्लीक्रिकेट, हजार वेळा बॅटिंगला उतरला तर ३१७ वेळा स्वतःच्या फटक्यावर बेस गाठला असा त्याचा अर्थ. दहापैकी तीनदा जमलं तरी तिथे चांगला बॅट्समन म्हणतात, आणि ह्याचा १८ वर्षांचा मिळून अ‍ॅव्हरेज त्याच्या वर. १९६७ मध्ये तर .३५७.

मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, आमच्या खानदेशात हा खेळ बऱ्याच शाळांत आहे, त्यामुळे राईट फील्डबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. शाळेच्या टीममध्ये सगळ्यात कच्च्या मुलीला राईट फील्डला उभं करतात कारण तिकडे चेंडू कमी जातो. वरच्या लेव्हलला सगळं उलटं होतं. राईट फील्डपासून तिसरा बेस सगळ्यात लांब, त्यामुळे तिथून थेट तिसऱ्या बेसवर थ्रो करायला सगळ्यात ताकदीचा हात लागतो. क्लेमेंटेने आऊटफील्डमधून थ्रो करून २६६ जणांना बाद करण्यात हात लावलाय. आणि हे झाले धावायचं धाडस केलेले. त्याच्या हातात चेंडू बघून जागच्या जागी थांबलेले किती असतील त्याची नोंद कुठेच नसते. मला विचाराल तर त्याची खरी थोरवी इथेच आहे, बॅटिंग नंतर.

अण्णा_बार्शीकर

ताई, छान समजावलंत. हा हात कुठून आला तेही सांगा ना कोणीतरी, जन्मजात की कमावलेला?

जळगावची_पिचर

अण्णा, दोन्ही. शाळेत तो भालाफेक करायचा. भाल्याला खांदा, पाठ आणि पायांचं टायमिंग जसं लागतं तसंच आऊटफील्डच्या लांब थ्रोला लागतं. त्याच्या थ्रोचे जुने तुकडे बघा, थ्रो संपता संपता अख्खं शरीर जमिनीपासून सुटल्यासारखं दिसतं.

मुलुंड_ते_मिशिगन

भालाफेकीवरून आठवलं. २००८ मध्ये आपल्याकडे टीव्हीवर स्पर्धा घेऊन जोरात चेंडू टाकणारी पोरं शोधली होती, त्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल अमेरिकेत गेले. दोघेही मूळचे भालाफेकवाले, आणि त्यांना करारबद्ध कोणी केलं? पिट्सबर्ग पायरेट्सनीच! खालच्या लीगपर्यंतच पोचले, पण भालाफेक ते पायरेट्स हा रस्ता क्लेमेंटेचाच की.

गल्लीक्रिकेट

हायला, हे भारीये. म्हणजे नीरज चोप्राला रिटायर झाल्यावर नोकरी पक्की.

मेघना_एडिसन

ओकलंडकर, धागा चांगला काढलात, पण २१ बंद करायला माझा विरोध आहे. रॉबिन्सनचं जे आहे ते एकमेव आहे. एका माणसाने एक दार फोडलं आणि त्यातून सगळे आत आले. क्लेमेंटे लॅटिन खेळाडूंमधला पहिला नव्हता. पोर्तो रिकोचाच हिराम बिथॉर्न १९४२ मध्ये खेळून गेला होता, सान हुआनच्या स्टेडियमला त्याचंच नाव आहे. काळ्या लॅटिनांमध्ये क्यूबाचा मिनी मिन्योसो १९४९ मध्ये आला. मग ‘पहिला’ या निकषावर क्लेमेंटे बसत नाही. रॉबिन्सनच्या मुलीनेही २००६ मध्ये जाहीरपणे हेच सांगितलं होतं की ४२ चा मान ४२ पुरताच राहू द्या, क्लेमेंटेचा सन्मान दुसऱ्या पद्धतीने करा.

ओकलंडकर

मेघनाताई, पहिला नव्हता हे बरोबर आहे आणि मी तसं म्हटलंही नाही. पण बिथॉर्न दिसायला गोरा होता, त्याला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळायची. क्लेमेंटे काळाही होता आणि स्पॅनिश बोलणाराही, म्हणजे दोन्हीकडून मार. गोऱ्यांना तो काळा, आणि टीममधल्या काळ्यांना हा वेगळ्याच भाषेतला. त्यात गंमत अशी की तो कायद्याने जन्मापासून अमेरिकन नागरिक, पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून नागरिकत्व आहे, तरी पेपरवाले त्याला परदेशातून आलेला पाहुणा समजायचे.

फ्लोरिडात सरावाला जायचे तेव्हाचं ऐका. प्रवासात गोरे खेळाडू रेस्टॉरंटमध्ये जेवायला उतरायचे आणि काळे बसमध्ये बसून राहायचे, मग आतून कोणीतरी त्यांना ताट आणून द्यायचं. क्लेमेंटेने नकार दिला. बाकीच्यांनाही बजावलं की बाहेर आणून दिलेलं खायचं नाही. टीमच्या व्यवस्थापनाकडे गेला आणि आम्हाला वेगळी गाडी द्या म्हणून भांडला, आणि ती मिळवली. मी म्हणतो तो माणूस हा.

रानवारा

ताट बाहेर आणून देणं हा प्रकार आपल्याकडच्या माणसाला जास्त समजावून सांगायची गरज नाही. कोणाला उंबऱ्याबाहेर वाढायचं आणि कपबशी कोणाची वेगळी ठेवायची हे आपल्या आज्यांनी केलेलं आपण पाहिलंय. त्या ताटाला हात लावायचा नाही म्हणणाऱ्याला किती ताकद लागली असेल हे वाढणाऱ्याच्या बाजूने वाढलेल्या मला नीट कळायला बरीच वर्षं जावी लागली. लिहीत राहा ओकलंडकर.

सदू_स्टॅट

आकड्यांचा माणूस आहे म्हणून थोडं थंड पाणी ओततो. २४० होमरन (आपला षटकार समजा). त्याच काळातल्या विली मेजचे ६६०, हँक अ‍ॅरनचे ७५५. दोघेही आऊटफील्डर. सर्वांत मोठ्यांच्या रांगेत बसवायचं तर हा फरक दिसायला नको का?

जळगावची_पिचर

सदूभाऊ, मैदान बघा आधी. पायरेट्सचं तेव्हाचं फोर्ब्स फील्ड केवढं होतं माहितीये का, डाव्या-मधल्या बाजूला कुंपण ४५७ फुटांवर! उजव्या हाताने खेळणाऱ्याचा सरळ ओढलेला मोठा फटका दुसरीकडे होमरन झाला असता तो तिथे कॅच किंवा फार तर ट्रिपल, म्हणजे तिसऱ्या बेसपर्यंतच. म्हणून त्याने खेळ त्या मैदानाला बेतला, चेंडू मोकळ्या जागेत मारायचा आणि पळत सुटायचं. १६६ ट्रिपल आहेत त्याचे. सरळ आलेल्या चेंडूपेक्षा बाहेर जाणारा, खाली पडणारा, कोणी सोडून देईल असा चेंडू त्याला जास्त आवडायचा, त्यामुळे बोलर्सना टाकायचं कुठे तेच कळायचं नाही.

सदू_स्टॅट

मैदानाचा मुद्दा मान्य. पण मग १९६० चं काय? पिट्सबर्गने वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यँकीजना हरवलं त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आठवा होता.

ओकलंडकर

सदूराव, नेमकं तिथेच त्याचं डोकं फिरलं होतं! .३१४ अ‍ॅव्हरेज, ९४ रन्स घरी आणलेल्या, वर्ल्ड सिरीजच्या सातही मॅचमध्ये हिट, आणि तरी आठवा. बक्षीस त्याच्याच टीममधल्या डिक ग्रोटला मिळालं. ग्रोटबद्दल त्याचा राग नव्हता, आठवा म्हणजे आपल्याला कोणी मोजलंच नाही हा राग होता. त्या विजयाची अंगठी तो घालत नसे असं सांगतात.

आता सातवी मॅच घ्या. १३ ऑक्टोबर १९६०, फोर्ब्स फील्ड. सगळ्यांना बिल मॅझरॉस्कीचा शेवटचा होमरन आठवतो, १०-९, साहजिक आहे, वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच होमरनवर संपली अशी आजवरची ती एकमेव. पण त्याआधीच्या आठव्या इनिंगमध्ये क्लेमेंटेचा फटका पार फसला होता, पहिल्या बेसच्या बाजूला टप्पे खात गेलेला पिचका चेंडू, दोन आऊट झालेले, इनिंग तिथेच संपायची. तो जीव खाऊन पळाला, यँकीजचा पिचर बेसवर वेळेत पोचला नाही, इनिंग वाचली. पुढच्याच बॅट्समनने, हॅल स्मिथने, तीन रन्सचा होमरन मारला. ते पळणं नसतं तर मॅझरॉस्कीची वेळच आली नसती. हे कुठल्या आकड्यात येतं सांगा.

सदू_स्टॅट

ट्रिपलच्या खालोखाल ‘पळाला म्हणून’ असा रकाना टाकावा लागेल. बरं, १९६६ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला, २९ होमरन आणि ११९ रन्स घरी आणलेल्या, हेही नोंदवून ठेवतो.

पळसधरी

पळण्यावरून आठवलेली एक गोष्ट. २५ जुलै १९५६, शिकागो कब्जविरुद्ध, शेवटची इनिंग, तिन्ही बेस भरलेले, टीम तीन रन्सनी मागे. क्लेमेंटेचा फटका डावीकडे लांब. तिघे घरी आले म्हणजे बरोबरी झाली. तिसऱ्या बेसपाशी मॅनेजर स्वतः हात वर करून थांब थांब ओरडतोय, आणि हा त्याच्याजवळून तस्साच पुढे, थेट घरी! ९-८. चेंडू मैदानाबाहेर न जाता शेवटच्या क्षणी मारलेला ग्रँड स्लॅम. वय २१, आणि मॅनेजरचं ऐकायचं नाही. आपल्याकडे असता तर पुढच्या तीन मॅच बाहेर बसवला असता.

मेघना_एडिसन

त्याच्या आजारपणाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. पाठ दुखते, मान दुखते अशी तक्रार असायची म्हणून पेपरवाल्यांनी त्याला नाटकी ठरवला होता. प्रत्यक्षात १९५४ च्या डिसेंबरात पोर्तो रिकोत दारू प्यालेल्या ड्रायव्हरने त्याच्या गाडीला धडक दिली होती, मणक्याला मार बसला होता, तोही आजारी भावाला भेटून येताना. बॅटिंगला येताना मान गोल फिरवायचा ते त्यामुळेच. त्या पाठीने १८ सीझन काढले आणि लोक म्हणणार नाटकं करतो. पाठदुखी असलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, बाहेरून काही दिसत नाही हेच त्या दुखण्याचं सगळ्यात वाईट असतं.

आणि इंग्रजीचं. तो जसं बोलायचा तसंच्या तसं, उच्चाराची टिंगल करत छापायचे. नाव तर सरळ बदलून टाकलं, किती वर्षं त्याच्या बेसबॉल कार्डांवर ‘बॉब क्लेमेंटे’ छापून येत होतं. तो मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला, माझं नाव रॉबेर्तो आहे.

अण्णा_बार्शीकर

एक विचारू का, पिट्सबर्गला कसा पोचला पण तो? पोर्तो रिको कुठे, पिट्सबर्ग कुठे.

मुलुंड_ते_मिशिगन

अण्णा, ही गोष्ट झकास आहे. १९५४ मध्ये त्याला घेतलं होतं ब्रुकलिन डॉजर्सनी, म्हणजे रॉबिन्सनच्याच टीमने, १०,००० डॉलर बोनस देऊन. तेव्हा नियम असा की ४,००० च्या वर बोनस दिलेला पोरगा मुख्य टीममध्ये ठेवला नाही तर सीझन संपल्यावर दुसऱ्या टीमला त्याला उचलता येतं. डॉजर्सनी त्याला मॉन्ट्रियलला खालच्या टीममध्ये पाठवलं, आणि तिथे फारसं खेळवलंच नाही. कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून लपवला असं बरेच जण मानतात.

पायरेट्सचा क्लाइड सुकफोर्थ दुसऱ्याच एका पिचरला बघायला गेला होता आणि त्याला वॉर्म-अपमध्ये थ्रो करणारा हा पोरगा दिसला. झालं! पायरेट्स त्या वर्षी तळाला होते म्हणून निवडीत पहिला नंबर त्यांचाच, नोव्हेंबर १९५४ मध्ये उचलला. आणि मजा म्हणजे तेव्हा पायरेट्स चालवत होते ब्रँच रिकी, ज्यांनी डॉजर्समध्ये असताना रॉबिन्सनला आणलं ते, आणि सुकफोर्थ हा रॉबिन्सनला पारखायला गेलेला त्यांचाच माणूस. ४२ आणि २१ दोन्हीमागे हीच दोन डोकी.

गल्लीक्रिकेट

आता मूळ प्रश्नावर माझे दोन पैसे. आपल्याकडे सचिनच्या १० नंबरचं काय झालं आठवतंय ना? २०१७ मध्ये आपल्या पालघरच्या शार्दुलने श्रीलंकेत १० घालून पदार्पण केलं तर लोकांनी त्याला एवढं झोडपलं की बिचाऱ्याने नंबर बदलून ५४ घेतला. बोर्डाने मग १० कोणाला द्यायचाच नाही असं ठरवून टाकलं, पुढे धोनीचा ७ पण तसाच. मला तेव्हाही पटलं नव्हतं. एखाद्या पोराला १० घालावासा वाटला यात सचिनचा अपमान कसा? उलट तो नंबर मैदानावर दिसायला हवा.

मेघना_एडिसन

+१०० गल्लीक्रिकेट. माझा मुद्दा हाच! सॅमी सोसा २१ घालायचा तो क्लेमेंटेसाठी, कार्लोस डेलगाडो पोर्तो रिकोचा, तोही मुद्दाम २१ मागून घ्यायचा. २१ सगळीकडे बंद झाला असता तर या पोरांनी काय केलं असतं? आणि आता १५ सप्टेंबरला क्लेमेंटे दिन असतो तेव्हा ज्याला हवं तो २१ घालतो. २०२२ च्या त्या दिवशी टॅम्पा बेच्या टीमची बॅटिंगची नऊच्या नऊ माणसं लॅटिन होती, असं आधी कधी झालं नव्हतं.

रानवारा

नऊच्या नऊवरून: १ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सनी नऊच्या नऊ काळे आणि काळे लॅटिन खेळाडू उतरवले होते, मोठ्या लीगच्या इतिहासात पहिल्यांदा. मॅनेजर डॅनी मर्टो म्हणाला मी त्या दिवशीचे चांगले नऊ निवडले, बस. त्यात क्लेमेंटे होता.

त्याही आधी, एप्रिल १९६८. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली तेव्हा सीझन सुरू व्हायचा होता. पायरेट्समध्ये ११ काळे खेळाडू, त्या सगळ्यांनी ठरवलं की किंगच्या अंत्यसंस्काराआधी आम्ही मैदानात उतरणार नाही. पुढाकार घेणाऱ्यांत क्लेमेंटे होता, किंगशी त्याची ओळख होती, किंग त्याच्या पोर्तो रिकोतल्या शेतावर येऊन गेले होते. शेवटी सगळ्या लीगनेच सामने पुढे ढकलले, १० एप्रिलला खेळ सुरू झाला. ओकलंडकर म्हणतात तो संत नसलेला क्लेमेंटे मला इथे जास्त दिसतो.

सरळसोट

सगळ्यांनी एवढं भरभरून लिहिलंय, मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. तीन लहान मुलं घरात, बायको नको म्हणतेय, विमान जुनं, सामान खच्चून भरलेलं, आणि हा माणूस ३१ डिसेंबरच्या रात्री त्यात चढतो. मदत पाठवायची होती ना, पाठवायची. स्वतः जायची गरज काय होती? मला याच्यात थोरपणापेक्षा हट्ट जास्त दिसतो.

उमरगेकर

सरळसोट, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला क्लेमेंटेची फार माहिती असायची गरज नाही. आमच्या भागात ३० सप्टेंबर म्हटलं की १९९३ चं किल्लारी. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या घराच्या भिंती गेल्या, माणसं वाचली. पुढचे दिवस मदतीचे ट्रक येत होते, पण ते डांबरी रस्त्यावरच्या पहिल्या दोन-तीन गावांत रिकामे व्हायचे. आत वस्तीवर पोचेपर्यंत काही उरायचं नाही. रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडलेले आणि आमच्या वस्तीवर पांघरायला नाही. जे ट्रकबरोबर स्वतः आले, उभे राहिले, आधी म्हाताऱ्यांना द्या, आता त्या घराला द्या असं बघून वाटलं, त्यांच्याच हातून मिळालं. मदत पाठवणं आणि मदत पोचणं यात फार अंतर असतं, ज्याच्यावर आलंय त्याला कळतं.

ओकलंडकर

उमरगेकर, तिथेही नेमकं हेच झालं होतं. २३ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या राजधानीत, मानाग्वात, भूकंप झाला. क्लेमेंटे काही आठवड्यांपूर्वीच तिथे होता, पोर्तो रिकोच्या हौशी टीमचा मॅनेजर म्हणून, त्यामुळे तिथली माणसं त्याच्या ओळखीची झालेली. त्याने पोर्तो रिकोत टीव्हीवरून आवाहन केलं, स्वतः दारोदार फिरला, आधी विमानांनी सामान पाठवलंही. मग कळलं की तिथला हुकूमशहा सोमोझाच्या राजवटीतले लोक सामान मधल्या मधे दाबतायत. म्हणून तो निघाला. मी गेलो तर माझ्यासमोर चोरायची हिंमत कोणी करणार नाही असा हिशोब होता. आणि हा हिशोब चुकीचा नव्हता हो, लॅटिन अमेरिकेत त्याचं नाव तेवढं मोठं होतंच.

हँगरवाले_काका

विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. हट्ट म्हणा काही म्हणा, पण दोष प्रवाशाच्या माथी मारू नका. ते डीसी-७, चार पिस्टन इंजिनांचं. त्याच महिन्यात जमिनीवर चालवताना ते विमान नालीत जाऊन इंजिन आणि पंख्यांना इजा झाली होती, दुरुस्तीनंतरची तपासणी धड झाली नव्हती. त्यावर सुमारे ४,२०० पौंड, म्हणजे १९०० किलोच्या आसपास जादा वजन. कर्मचारीही त्या विमानासाठी नियमाने पाहिजे तसे नव्हते. उड्डाणानंतर लगेच इंजिनाने दगा दिला आणि किनाऱ्याजवळच पाण्यात गेलं, पाचही जण गेले. असलं विमान धावपट्टीपर्यंत पोचूच द्यायचं नसतं, त्यासाठीच तर आमच्यासारखे लोक पगार घेतात. कुटुंबीयांनी सरकारवर खटला भरला, खालच्या कोर्टात जिंकले आणि वरच्या कोर्टात निकाल फिरला. मला तो निकाल आजही पटत नाही.

सरळसोट

काका, उमरगेकर, दोघांचं वाचलं. स्वतः का गेला ते आता समजतंय. पण तीन पोरांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, तो राहूच द्या.

मेघना_एडिसन

तो प्रश्न राहायलाच हवा. व्हेरा क्लेमेंटेबद्दल म्हणूनच जास्त लिहायला पाहिजे. १९६४ मध्ये लग्न झालं, ७२ मध्ये तीन लहान मुलांसह विधवा. मुलांसाठी मोठी क्रीडानगरी उभारायची हे त्याचं स्वप्न होतं, कारोलिनात ते तिने उभं केलं, आणि २०१९ मध्ये जाईपर्यंत त्याच्या नावाचं काम बघत राहिली. दरवर्षी क्लेमेंटेच्या नावाने समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला पुरस्कार देतात, त्या समारंभाला ती असायची. २१ वर वाद घालताना हे निम्मं श्रेय कोणी धरत नाही.

पळसधरी

आणि मॅनी सँगियेन. टीमचा कॅचर, पनामाचा, क्लेमेंटेचा जिगरी. इकडे सगळी टीम पोर्तो रिकोत श्रद्धांजलीच्या प्रार्थनेला चर्चमध्ये, आणि हा पाणबुड्यांबरोबर समुद्रात मित्राला शोधतोय. क्लेमेंटेचा देह मिळालाच नाही.

गल्लीक्रिकेट

एवढं वाचून आता १९७१ ची सिरीज बघायला घेतलीये. ३७ वर्षांचा माणूस असा पळतो?

सदू_स्टॅट

बघा बघा. बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध. १२ हिट्स, .४१४, सहाव्या आणि सातव्या मॅचमध्ये होमरन, सातवी २-१ ने जिंकली. सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. १९६० मध्ये सातही मॅचमध्ये हिट आणि १९७१ मध्येही सातही, म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या १४ पैकी १४. मी आकडेवाला असून सांगतो, हा आकडा मला २४० पेक्षा फार मोठा वाटतो.

योगायोग बघा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाडेकरांच्या टीमने ओव्हलवर इंग्लंडला हरवलं होतं. सोलकरचे कॅच आणि क्लेमेंटेचे थ्रो एकाच वर्षातले.

रानवारा

सदूभाऊ, त्या सातव्या मॅचनंतर काय झालं तेही लिहा ना. नाहीतर मीच लिहिते. ड्रेसिंग रूममध्ये टीव्हीवाले माईक घेऊन उभे, अख्खी अमेरिका बघतेय, आणि हा म्हणतो आधी मला घरच्यांशी स्पॅनिशमध्ये बोलू द्या. मग आपल्या मुलांना आशीर्वाद देतो आणि आपल्या आईवडिलांचा आशीर्वाद मागतो. ज्या लोकांनी त्याच्या बोलण्याची टिंगल छापली त्यांच्याच माईकवर, त्यांच्याच कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या भाषेत. आईवडील तिकडे पोर्तो रिकोत ऐकत होते. मोठं यश मिळाल्यावर पहिल्यांदा वडीलधाऱ्यांच्या पायाशी जायचं ही रीत ज्या घरात आहे तिथल्या कोणालाही तो क्षण भाषांतराशिवाय कळेल.

अण्णा_बार्शीकर

फार सुंदर. वाचनखूण साठवली. आणि ३००० वा?

जळगावची_पिचर

३० सप्टेंबर १९७२, पिट्सबर्ग, न्यूयॉर्क मेट्सचा जॉन मॅटलॅक पिचर, डबल. आदल्या रात्रीच होणार होता, टॉम सीव्हरच्या चेंडूवर, पण स्कोअररने ती क्षेत्ररक्षकाची चूक धरली आणि हिट दिली नाही, त्यामुळे क्लेमेंटे जाम भडकला होता. लीग सीझनमधली ती त्याची शेवटची हिट.

पुढच्या मार्चमध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं. एरवी पाच वर्षं थांबावं लागतं, ती अट बाजूला ठेवून खास मतदान घेतलं, ४२४ पैकी ३९३ मतं. लॅटिन अमेरिकेतला पहिला. विरोधात गेलेल्या बऱ्याच जणांचं म्हणणं अट मोडू नये एवढंच होतं.

ओकलंडकर

मूळ प्रश्नाकडे येतो. मेघनाताई आणि गल्लीक्रिकेट यांचा ‘नंबर मैदानावर दिसू दे’ हा मुद्दा वजनदार आहे, पोर्तो रिकोच्या पोराने २१ मागून घेणं ही गोष्ट मलाही हवीच आहे. तरी माझं मत तेच राहतं, कारण आत्ता ज्यांना त्याचं नाव माहीत नाही तेसुद्धा २१ घालून फिरतात, आणि सगळीकडे बंद झाला तर प्रत्येक मैदानात ४२ शेजारी २१ टांगला जाईल आणि प्रत्येक शहरातलं पोरगं बापाला विचारेल हा कोण. क्लेमेंटे दिनापुरता सगळ्यांना घालू द्यावा, जसा ४२ वर्षातून एकदा सगळे घालतात तसा. म्हणजे दोन्ही साधेल.

मेघना_एडिसन

वर्षातून एकदा सगळ्यांनी, बाकी वेळ बंद... हे असेल तर मी विरोध निम्म्यावर आणते. सोसा आणि डेलगाडोचं उत्तर मात्र अजून दिलं नाहीत तुम्ही.

मुलुंड_ते_मिशिगन

बंद करताना जे घालतायत त्यांना रिटायर होईपर्यंत घालू द्यायचं. ४२ च्या वेळी तेच केलं होतं, मारियानो रिव्हेराने २०१३ पर्यंत घातला की.

ओकलंडकर, ऑक्टोबरात कामासाठी पिट्सबर्गला येणं होतंय. क्लेमेंटेचं काय काय बघता येईल?

ओकलंडकर

या नक्की. डाउनटाउनमधून पिवळ्या क्लेमेंटे पुलावरून चालत नदी ओलांडा, मॅचच्या दिवशी गाड्या बंद असतात त्यावर. पलीकडे स्टेडियमबाहेर पुतळा आहे, आत राईट फील्डची भिंत मुद्दाम २१ फूट उंच बांधलीये. लॉरेन्सव्हिलमध्ये जुन्या अग्निशमन केंद्रात त्याचं म्युझियम आहे, तिथे आधी वेळ ठरवून जावं लागतं, उगाच दारावर जाऊन उभे राहू नका. आणि तारीख हातात असेल तर १३ ऑक्टोबर धरा. ओकलंडमध्ये युनिव्हर्सिटीजवळ फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा तुकडा शिल्लक आहे, दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे खुर्च्या घेऊन जमतात आणि १९६० च्या सातव्या मॅचची रेडिओ कॉमेंट्री पहिल्यापासून लावतात. दुपारी १ च्या आत या, म्हणजे मॅझरॉस्कीचा होमरन बरोबर ३.३६ ला ऐकू येतो. आठव्या इनिंगला क्लेमेंटे पळतो तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा असेन, डबा घेऊन येतो, व्यनि करा.